उंबराचे पाणी आणि शास्त्राची कसोटी

१७३६ सालच्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. बाटून पिढ्या उलटल्या तरी देशी रीतभात न सोडलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी काय काय करू नये, याची ती यादी होती. लग्नात ओव्या म्हणू नयेत, देशी वाद्ये वाजवू नयेत, वधूवरांना हळद लावू नये, लग्नाआधी समारंभाने न्हाऊ घालू नये, विड्याची पाने वाटू नयेत, अंगणात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. यादी थेट चुलीपर्यंत पोचली होती: भात मिठाशिवाय शिजवू नये, असेही तीत एक कलम आहे. शेजारचे हिंदू अळणी भात रांधत, एवढाच त्या भाताचा गुन्हा. जाहीरनाम्याचा रोख मुख्यतः गोव्याकडे असला, तरी इन्क्विझिशनचा अंमल पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांतावर, म्हणजे वसई आणि ठाण्यावरही होता. आणि ठाण्याच्या ख्रिस्ती घरांत आजही लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात, घागरी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालतात. त्या विधीला उंबराचे पाणी म्हणतात. जाहीरनामा काढणारे गेले, पाणी आणणाऱ्या राहिल्या.

ही हकीकत सांगून रूढीचा विजय साजरा करण्याचा माझा हेतू नाही. ख्रिस्ती उपासना पवित्र शास्त्राशी प्रामाणिक राहावी, भोवतालच्या चालीरीतींनी ती आतून पोखरू नये, ही काळजी खोटी नाही आणि क्षुद्रही नाही. ती शास्त्राचीच काळजी आहे. निर्गमच्या पुस्तकात सोन्याचे वासरू करणारे लोक आपण परमेश्वराचाच सण करतो आहोत असे समजत होते. लेवीयात अहरोनाचे दोन मुलगे वेदीपुढे परका अग्नी घेऊन गेले आणि तिथेच मेले. आपली भक्ती मनापासून आहे एवढ्यावर ती देवाला पोचतेच असे नाही, हे बायबल पानोपानी बजावत आले आहे. प्रश्न एवढाच की भेसळ ओळखायची कशाने, आणि ती रोखायची कशी. ठाणे आणि कल्याणचा ख्रिस्ती इतिहास सुमारे दीड हजार वर्षांचा आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर त्यात अनेकदा तपासून झाले आहे. माझे म्हणणे असे: इथली उपासना शास्त्रापासून ढळली ती प्रामुख्याने वचन लोकांच्या कानी त्यांच्या भाषेत पोचले नाही तेव्हा. ती सावरली तीही वचन पोचले म्हणून. रूढींच्या छाटणीचा या दोन्हींत वाटा फार थोडा आहे. शिवाय छाटणी करणाऱ्यांच्या हातातली पट्टी पुष्कळदा शास्त्राची नसून त्यांच्या स्वतःच्या मुलखाची होती.

सुरुवात सहाव्या शतकापासून करावी लागते. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास इंडिकोप्लेउस्टीस याने इ. स. ५५० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात कल्लिआना नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियात नेमला जातो, असे तो सांगतो. हे कल्लिआना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींना ते कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे वाटते. कल्याणच असेल, तर खाडीकाठच्या त्या गावात दीड हजार वर्षांपूर्वी सिरियाक भाषेत उपासना होत होती, कारण पर्शियाच्या मंडळीची उपासनेची भाषा तीच होती. बिशप परदेशी, प्रार्थना परभाषेत, आणि ख्रिस्ती वस्ती व्यापाराच्या आधाराने टिकलेली. त्या मंडळीने इथल्या बोलीत शास्त्र उतरवल्याचा एकही पुरावा मागे राहिलेला नाही. उपासना शुद्ध राखायची म्हणजे ती पर्शियात होते तशीच राखायची, असा त्या व्यवस्थेचा अर्थ होता. सातआठ शतकांनी त्याचे काय झाले, हे एका पाहुण्याने लिहून ठेवले आहे.

१३२१ च्या एप्रिलमध्ये चार फ्रान्सिस्कन ठाण्यात उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि देमेत्रियस नावाचा दुभाषी बंधू. त्यांच्याबरोबर जॉर्डनस हा फ्रेंच डॉमिनिकनही होता, पण तो भडोचकडे निघाला आणि त्यामुळे वाचला. पुढे थोड्याच काळाने आलेला ओडोरिक हा प्रवासी ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पर्शियाच्या त्याच मंडळीच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे सांगतो, आणि लगेच त्यांना पाखंडीही म्हणतो. त्याने सांगितलेली हकीकत घरगुती भांडणातून सुरू होते. चौघे ज्या ख्रिस्ती घरी उतरले होते, तिथल्या नवऱ्याने बायकोला मारले. ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. काझीने साक्षीदार विचारले, तेव्हा तिने घरी उतरलेल्या चार धर्मगुरूंची नावे सांगितली. चौघांना बोलावणे गेले, साक्षीचे प्रकरण बाजूला पडून धर्मावर वाद सुरू झाला, आणि त्या वादाचा शेवट चौघांच्या हत्येत झाला. जॉर्डनसने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे ओडोरिकने त्यांच्या अस्थी उकरून चीनला नेल्या.

हुतात्म्यांची कथा मोठी आहे, पण माझ्या मुद्द्यासाठी जॉर्डनसची साक्ष अधिक मोलाची. तो या किनाऱ्यावर राहिला, ठाणे ते सोपारा या पट्ट्यात त्याने पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिला. भारताविषयीच्या आपल्या ग्रंथात तो सांगतो की इथे जागोजागी विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांना बाप्तिस्मा ठाऊक नाही, श्रद्धेतले काही कळत नाही, आणि संत थोमा हाच ख्रिस्त अशी त्यांची समजूत आहे. हे सांगणारा परका होता, पूर्वेकडच्या मंडळीकडे संशयाने पाहणारा होता, हे लक्षात घेऊन थोडी सूट द्यायला हरकत नाही. तरी प्रेषित आणि प्रभू यांत फरक न उरणे ही साधी चूक नव्हे. उपासनेचा गाभाच निसटल्याची ती खूण आहे. आणि ही चूक हळदीतून किंवा विड्याच्या पानातून आलेली नाही. शेजारच्या हिंदूने किंवा मुसलमानाने ती शिकवलेली नाही. शुभवर्तमान कानी पडत नसले की ते आणणाऱ्याचे नाव तेवढे लक्षात राहते. सिरियाक प्रार्थना अक्षरशः जशीच्या तशी राखूनही असे होऊ शकले, हे त्या साक्षीतून घेण्यासारखे आहे.

पोर्तुगीज आले तेव्हा वचनाऐवजी सत्ता आधी आली. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख त्यांच्याकडे गेला. अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कनने साष्टीत चर्चेस उभारली, मंडपेश्वराच्या लेण्यात चर्च केले. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च उभे राहिले. फ्रान्सिस्कनांनी, जेझुइटांनी कष्ट केले, अनाथ मुलांना वाढवले, शिकवले, हे नाकारता येत नाही. पण मिस्सा लॅटिनमध्ये होती. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात याविषयी कमालीचे स्पष्ट म्हटले आहे: ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत कितीही सुंदर प्रार्थना केली, तरी त्याची उन्नती होत नाही, तो तिला आमेनही म्हणू शकत नाही. उपासना शास्त्राला धरून आहे का, हे तपासायचे तर ही कसोटी पहिली लावायला हवी होती. ती लावली गेली नाही. धोतराला मात्र कसोटी लागली. धोतराविषयी नव्या करारात एक अक्षर नाही.

इथे न्याय्य आक्षेप असा की त्या काळी सगळ्या कॅथलिक जगात मिस्सा लॅटिनमध्येच होती, एकट्या ठाण्याला दोष का? खरे आहे. पण त्याच काळात, त्याच संस्थेत, वेगळा मार्ग दिसलेली माणसेही होती, म्हणून दोष काळाच्या माथी मारून सुटता येत नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा मराठी ओव्यांत रचली. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. आणि आपल्या भागाच्या दृष्टीने त्याहून जवळचे पुस्तक म्हणजे फ्रान्सिस्को व्हाझ दे गिमारेंश याचे १६५९ साली लिस्बनमध्ये छापलेले पुराण. लिपी रोमी, पण भाषा उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती रयतेची, आणि विषय प्रभूचे दुःखसहन व मरण. चर्चमध्ये लॅटिन ऐकणारी साष्टी-वसईची माणसे उपवासकाळात घरोघरी हे पुराण गात बसत, आणि एकोणिसाव्या शतकातही ते मुंबईत पुन्हा छापावे लागले. ज्यांच्या हाती बायबल नव्हते त्यांच्या कानी गेथशेमाने, पिलाताचा वाडा आणि कालवरी पोचली ती या मार्गाने. ओवी हा छंद जनाबाई-ज्ञानेश्वरांचा, पुराण हा प्रकार हिंदूंचा, बसून गायची रीतही शेजारची. आत मात्र शुभवर्तमान होते.

त्याच १६५९ साली रोममधल्या धर्मप्रसार खात्याने पूर्व आशियात जाणाऱ्या आपल्या बिशपांना सूचना दिल्या होत्या. श्रद्धा आणि नीतीला उघड बाध येत नसेल तर लोकांच्या चालीरीती बदलायला लावू नका, फ्रान्स, स्पेन किंवा इटली चीनमध्ये नेऊन बसवू नका, असा त्यांचा आशय होता. पण पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालच्या मुलखात रोमच्या त्या खात्याचे फारसे चालत नसे. १६८४ मध्ये गोव्याच्या विजरईने तर देशी भाषाच मोडून काढण्याचा हुकूम सोडला, आणि त्यानंतर अर्ध्या शतकाने तो १७३६ चा जाहीरनामा आला. या क्रमाकडे नीट पाहिले की दिसते, की भाषा आणि ओवी यांवर घाव घालणाऱ्यांनी लोकांपर्यंत शास्त्र नेणारी वाटच खणून काढली. लग्नातल्या ओव्या बंद करताना उपवासकाळातल्या ओव्यांचा गळाही आवळला जातो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

जाहीरनामा निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, ठाणे मराठ्यांनी घेतले, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली. युरोपीय धर्मगुरू बहुतेक निघून गेले. सक्तीने लादलेला धर्म सक्ती उठताच गळून पडेल, अशी अटकळ कोणीही बांधली असती. पुष्कळ ठिकाणी तसे झालेही. पण १७६० मध्ये आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून गेला, तेव्हा देशी धर्मगुरू चालवत असलेली चर्चेस आणि उघडपणे उपासना करणारे ख्रिस्ती लोक त्याने पाहिले. सत्ता गेल्यावर टिकून राहिलेली श्रद्धा कशावर टिकली? वाडीतला क्रूस, त्यापुढे संध्याकाळी म्हटले जाणारे लदीन, सणाची मिस्सा, नव्या भाताच्या लोंब्यांवर आशीर्वाद मागणारा आगेरा, आणि उपवासकाळातले पुराण. यांतले पुराण वगळले तर बाकीच्यांत वचनाचा अंश पातळ आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या पातळपणाची किंमतही मोजावी लागली.

१८२० च्या सुमारास कोकणात पटकीची साथ पसरली. त्या साथीत ठाण्याच्या ख्रिस्ती कोळ्यांपैकी बरेच जण हिंदू धर्मात परतले. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने याची दखल घेतली आहे. गावदेवीचा कोप झाला, जुने देव सोडल्याने हे मरण ओढवले, अशा भयापोटी माणसे परतली असतील, तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आज सुरक्षित घरात बसलेल्या कोणालाही नाही. इतिहासकाराने कारण मात्र शोधावे. छाटणीचे समर्थक म्हणतील: पाहा, जुन्या रूढी राहू दिल्या म्हणून जुने देव परतले, तुळस उपटली नाही की तुळशीमागचा देव येतोच. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. पण ज्या गावांत उंबराचे पाणी आणि आगेरा तितक्याच आवडीने चालू होता, तिथली बहुसंख्य घरे त्याच साथीत ख्रिस्तीच राहिली. रूढी दोन्हीकडे होत्या, म्हणून फरक रूढींनी पडला असे म्हणता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे फरक असा, की उपासनेकडे रोगराईपासूनचे संरक्षण म्हणून जिथे पाहिले गेले, तिथे संरक्षण न मिळताच ती सोडून दुसऱ्या संरक्षकाकडे जाणे अगदी तर्कशुद्ध होते. नीतिमानावरही मरण का येते, याला ईयोबाच्या पुस्तकात आणि क्रूसाच्या कथेत जे उत्तर आहे, ते त्या कोळीवाड्यात कोणी कधी उलगडून सांगितले होते का? ज्यांना ईयोब कधी ऐकवला नाही, त्यांच्याकडून ईयोबाच्या धीराची अपेक्षा कशी करायची?

तरीही मूळ आक्षेप आणखी खोल जातो. विधी हे रिकामे भांडे नसते, त्याला आपला अर्थ असतो, आणि तो अर्थ आत ओतलेल्या श्रद्धेला रंगवतोच, असे म्हणणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. उंबर हा दत्ताचा वृक्ष. लग्नाच्या मांडवाला त्याची फांदी का, असे विचारणारा ख्रिस्ती माणूस कर्मठ नव्हे, जागा आहे. पण शास्त्र स्वतः या प्रश्नाला कसे हाताळते ते पाहावे. हिज्कीया राजाने मोडून टाकलेला पितळी साप आठवा. तो परक्या देवाचा नव्हता. देवाच्याच आज्ञेवरून मोशेने तो रानात उभारला होता. लोक त्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा तो मोडावा लागला. म्हणजे एखाद्या वस्तूचा उगम शुद्ध असला तरी तिचा वापर मूर्तिपूजेचा होऊ शकतो. आणि उलट बाजूने, करिंथच्या बाजारात मूर्तीला वाहिलेले मांस विकायला येई. पौल त्याविषयी दोन वेगवेगळे निर्णय देतो. बाजारातून आणलेले किंवा शेजाऱ्याने जेवायला बोलावून वाढलेले असेल तर चौकशी न करता खा. मूर्तीच्या पंगतीत वेदीचे भागीदार होऊन खाऊ नका. आणि दुबळ्या बंधूचा विवेक दुखावत असेल तर हक्क असूनही सोडा. मांस तेच, प्रश्न असा की खाणारा कोणाशी नाते जोडतो आहे, आणि शेजारच्या बंधूचे काय होते आहे. विहिरीचे पाणी आणणारी बाई पाण्यातल्या कुणाकडे काही मागते आहे का, की कुळाच्या आनंदात गावाला सामील करून घेते आहे? मागत असेल, तर तो विधी थांबवणे योग्य आहे. नसेल, तर तो बाजारातल्या मांसासारखा आहे. हा विवेक जाहीरनाम्याने करता येत नाही, कारण जाहीरनामा पाणी पाहतो, मागणे त्याला ऐकू येत नाही. तो विवेक त्या बाईलाच करावा लागतो, आणि त्यासाठी करिंथकरांस लिहिलेले पत्र तिला वाचता यायला हवे.

ते पत्र मराठीत तिच्या आवाक्यात यायला एकोणिसावे शतक उजाडले. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले. १८१८ मध्ये त्यांच्यापैकी जॉन निकोल्स ठाण्यात राहायला गेला आणि १८२४ मध्ये मरण पावला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ साली छापून झाले. आता गंमत पाहा, म्हणजे इतिहासाने दिलेला धडा पाहा: ज्यांनी केवळ शास्त्रालाच प्रमाण मानले, संतांच्या मूर्ती आणि नोव्हेना नाकारल्या, त्याच प्रॉटेस्टंट मंडळींतून देशी रूपांचा सर्वांत धीट स्वीकार झाला. अहमदनगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग, आणि कथा येशूची. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग व पदांनी मराठी मंडळीची गाणी बदलून टाकली. त्यांच्या रचना आजही ठाण्या-कल्याणच्या मराठी चर्चमध्ये दर रविवारी गायल्या जातात. मिशनच्या काही लोकांना कीर्तनात परकी छटा वाटली. पण त्यांची उंच मनोऱ्याची चर्चेस, बाकांच्या रांगा, इंग्रजी चाली यांतही शास्त्राची आज्ञा अशी कुठे होती? भोवतालच्या संस्कृतीचा प्रभाव म्हटला की आपण हिंदू शेजाराकडेच बोट दाखवतो. न्यू इंग्लंडची किंवा लिस्बनची संस्कृतीही संस्कृतीच होती, फक्त ती चर्चच्या दारातून आत आल्याने ओळखू येत नव्हती.

टिळकांविषयीचा आक्षेप टाळता येणार नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. रूपाची मोकळीक एकदा दिली की ती तत्त्वापर्यंत पोचते, याचा हा पुरावा नाही का? मला दरबाराचा तो भाग शास्त्राच्या दृष्टीने दुबळा वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांत विश्वास आणि बाप्तिस्मा यांची फारकत नाही. पण हे मी कशाच्या आधारे म्हणतो? टिळकांच्याच हाती जे मराठी बायबल होते, त्याच्याच आधारे. त्यांच्या अभंगावर टीका करायला कोणाला लॅटिन शिकावे लागत नाही, पोर्तुगालला जावे लागत नाही. नगरची शेतकरीणही त्यांच्या पदाला वचन लावून पाहू शकत होती. शास्त्र लोकांच्या हाती असले की चूक होत नाही असे नव्हे. झालेली चूक मंडळीला दिसते.

कॅथलिक मंडळीत हे वळण १९६३ च्या डिसेंबरात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषेतल्या मिस्सेचा मार्ग मोकळा झाला, आणि रविवारच्या वाचनांतून बायबलचा कितीतरी मोठा भाग मंडळीच्या कानी पडेल अशी व्यवस्था झाली. ठाण्याच्या चर्चमध्ये मराठीत वाचलेले शुभवर्तमान ऐकायला चारशे वर्षे लागली. १९६९ च्या एप्रिलमध्ये रोमने भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना संमती दिली: हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, उदबत्ती, तेलाचे दिवे, आरती, जमिनीवर बसणे, धर्मगुरूला शालीसारखे वस्त्र. विरोध तीव्र झाला. मद्रासचे व्हिक्टर कुलंदै यांनी तर पुस्तकच लिहिले, ‘द पॅगनायझेशन ऑफ द चर्च इन इंडिया’. मुंबई धर्मप्रांतातल्या पुष्कळ ईस्ट इंडियन, म्हणजे या किनाऱ्यावरच्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनाही आरती आपली वाटली नाही, आणि यातला विरोधाभास मला बोलका वाटतो. अनेक पिढ्यांत त्यांचे देशीपण पोर्तुगीज आणि इंग्रजी रूपांत मुरले होते. आरती त्यांच्यासाठी दुसऱ्यांच्या देवळातली होती. वरून लादलेले भारतीयीकरणही छाटणीइतकेच आंधळे होऊ शकते. दुबळ्या बंधूच्या विवेकाचा पौलाचा मुद्दा इथेही लागू होतो.

पण त्या वादात एका ठिकाणी रेघ ओढली गेली, आणि ती बरोबर जागी ओढली गेली असे मला वाटते. १९७४ मध्ये बंगळूरच्या परिसंवादात इतर धर्मांच्या ग्रंथांतील उतारे उपासनेत वाचावेत का, यावर विचार झाला, आणि काही ठिकाणी तसे प्रयोगही चालू होते. १९७५ मध्ये रोमने ते थांबवले. दिवा, फूल, शाल यांना मुभा, पण वाचनाच्या जागी दुसरे वचन नको. उपनिषदांचा अनादर करायचा म्हणून हे नव्हे. ती घरी, अभ्यासात, संवादात आदराने वाचावीत. पण मंडळी ज्या ग्रंथाने स्वतःला तपासते, त्याची जागा दुसऱ्या ग्रंथाने घेतली तर तपासायला काही उरत नाही. १७३६ मध्ये चुलीवरच्या भातापर्यंत पोचलेली रेघ अखेर वाचनपीठापाशी येऊन थांबली. तिथेच ती आधीपासून असायला हवी होती.

आज हा प्रश्न कल्याण-डोंबिवलीत नव्या वेषात उभा आहे. रेल्वे, कारखाने आणि स्वस्त घरे यांच्या ओढीने केरळ, तामिळनाडू, नगर, जालना इथून माणसे आली. १९८८ साली कल्याण हे केरळातल्या सीरो-मलबार मंडळीच्या धर्मप्रांताचे पीठ झाले, आणि पूर्व सिरियाक परंपरेची उपासना त्या गावात पुन्हा रीतसर सुरू झाली. त्या मंडळीत उपासनेच्या शुद्धतेवर जो वाद पेटला, तो धर्मगुरूने वेदीकडे तोंड करावे की लोकांकडे, यावर; २०२१ मध्ये त्यांच्या सिनडला दोन्हींचा मध्य साधणारी एकच पद्धत सर्वांना लागू करावी लागली. हा वाद क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही, कारण दोन्ही बाजू परंपरेवर प्रेम करतात. पण कल्याण, डोंबिवली, अंबरनाथला जन्मलेली मुले घरी मल्याळम बोलत असली तरी वाचू शकतातच असे नाही. शाळेत ती इंग्रजी, हिंदी, मराठी शिकतात. त्यांच्यासाठी करिंथचा चौदावा अध्याय तोंड कोणीकडे याच्या आधी येतो. दुसरीकडे डोंबिवलीच्या भाड्याच्या सभागृहांत भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या मूर्ती, क्रूस, मेणबत्त्या सगळे टाळतात आणि आपण पूर्णपणे बायबलनिष्ठ आहोत असे मानतात. त्यांची वचनावरची ओढ खरी आहे, त्यांच्या घरी बायबल उघडे असते, याचा मला आदर आहे. तरीही आजार बरा होणे, नोकरी लागणे, व्हिसा मिळणे हीच आराधनेची मुख्य साक्ष होऊ लागली, की १८२० ची पटकी आठवते. तिथे तुळस नाही, हळद नाही, उंबर तर नाहीच, आणि तरी संरक्षणाचा तोच सौदा पुन्हा मांडला जातो. अशा सभेत ईयोबाचे पुस्तक वर्षातून किती वेळा उघडले जाते, हे त्या मंडळीच्या वडिलांनी मोजून पाहावे.